‘पठारी प्रांत’ म्हणावं का लडाखला?

धंतोलीकर: मंडळी, शब्द अडलाय. पुतणीच्या भूगोलाच्या प्रकल्पासाठी लडाखवर चार पानं लिहून देतोय. पहिलंच वाक्य लिहिलं, ‘लडाख हा विरळ वस्तीचा पठारी प्रांत आहे.’ पुण्याहून आलेले साडभाऊ वाचून हसले. म्हणे, प्रांत म्हणजे तर साहेब असतो! बायकोचा आक्षेप वेगळाच: एवढे बर्फाचे डोंगर, त्याला पठार कसं म्हणता?

महालवाले: साडभाऊंचं चुकलं नाही जी. तिकडे उपविभागीय अधिकाऱ्याला ‘प्रांत’ म्हणतात, आपल्याकडे विदर्भात तोच माणूस एसडीओ. तिकडे तालुका, आपल्या तोंडी तहसील. तिकडच्या जुन्या लोकांचा मामलेदार, आपला तहसीलदार. उलट नागपूरच्या म्हाताऱ्यांना प्रांत म्हटलं की १८६१ साली झालेला मध्य प्रांत आठवणार, ज्याची राजधानीच हे गाव. म्हणजे एकाच शब्दात एकीकडे दोन-चार तालुके आणि दुसरीकडे अख्खं राज्य. लडाखसाठी तो नकोच. ३१ ऑक्टोबर २०१९ पासून तो केंद्रशासित प्रदेश आहे, विधानसभा नसलेला. तसंच लिहा.

धंतोलीकर: आणि तिथे उपराज्यपाल असतात, बरोबर?

महालवाले: मराठीत नायब राज्यपाल. उपराज्यपाल हिंदी बातम्यांतून आपल्या कानात बसलाय. नायब तहसीलदार रोज म्हणतो, मग इथे नायब म्हणायला काय हरकत?

गोकुळपेठ_संस्कृत: वहिनींच्या आक्षेपात दम आहे. आपल्या डोक्यातलं पठार म्हणजे दख्खनचं, सपाट आणि गाडी पळवण्याजोगं. संस्कृतात दोन नेमके शब्द आहेत. अमरकोश म्हणतो, ‘उपत्यकाद्रेरासन्ना भूमिरूर्ध्वमधित्यका’. डोंगराच्या पायथ्याची जमीन उपत्यका, वरची अधित्यका. लडाखच्या पूर्वेचं चांगथांग म्हणजे खरी अधित्यका. नावातच आहे: ‘चांग’ उत्तर, ‘थांग’ मैदान. (आपल्या ‘थांग लागत नाही’शी याचं नातं जोडू नका, योगायोग आहे.) पण लेह, नुब्रा, झंस्कार ही नद्यांची खोरी आहेत. तेव्हा सगळ्याला मिळून ‘उंच, डोंगराळ प्रदेश’ आणि पठार फक्त चांगथांगपुरतं.

धंतोलीकर: अधित्यका लिहिलं तर पुतणी माझ्याशी बोलणं सोडेल.

गोकुळपेठ_संस्कृत: नका लिहू. माहीत असू द्या.

सीताबर्डी: ‘विरळ’ तेवढा ठेवा, पण आकडे द्या. नुसत्या विरळने चित्र उभं राहत नाही. क्षेत्रफळ ५९,१४६ चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या जनगणनेत लोक २,७४,२८९. त्याच जनगणनेत एकट्या नागपूर शहरात २४ लाख. तेव्हाचा लेह जिल्हा ४५,११० चौरस किलोमीटरचा, आपला नागपूर जिल्हा ९,८९२ चा. म्हणजे ‘जिल्हा’ शब्दसुद्धा तिथे वेगळं काम करतो. आपण जिल्हा म्हणताना माणसं धरतो, तिथे अंतर धरावं लागतं. झंस्कारच्या माणसाला कारगिल गाठायचं तर हिवाळ्यात बर्फाने वाट बंद. म्हणून तर ऑगस्ट २०२४ मध्ये झंस्कार, द्रास, शाम, नुब्रा आणि चांगथांग असे पाच नवे जिल्हे जाहीर झाले. लोकसंख्या बघून आपल्याकडे कोणी त्यातल्या एकाला तहसीलही केलं नसतं.

महालवाले: म्हणजे आपला ‘दुर्गम’ तिथे चालेल?

सीताबर्डी: चालेल, पण जपून. आपण मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याला दुर्गम म्हणतो ते जंगल आणि घाटामुळे. लडाखमध्ये जंगल जवळपास नाहीच. लेह साडेतीन हजार मीटर उंच, वर्षाचा पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर. तेवढा तर सप्टेंबर २०२३ मध्ये नागपुरात पूर आला त्या रात्री आपल्या नाग नदीवर काही तासांत कोसळला. तिथलं दुर्गमपण थंडीचं आणि विरळ हवेचं. बघा, हवाही विरळ अन् वस्तीही!

गोकुळपेठ_संस्कृत: जाता जाता: ‘खारदुंग ला खिंड’ लिहू नका. ‘ला’ म्हणजेच खिंड. तसंच ‘पँगाँग त्सो सरोवर’, त्सो म्हणजेच सरोवर. ‘पिवळं पीतांबर’ होतं ते.

धंतोलीकर: दोन्ही लिहिलेत मी! खोडतो. आता शेवटचं. लेहला १९९५ पासून आणि कारगिलला २००३ पासून जी स्वायत्त ‘हिल’ विकास परिषद आहे, तिच्यातल्या ‘हिल’ला पहाडी म्हणू, डोंगरी की पर्वतीय?

महालवाले: आपल्या कानाला पहाडी गोड लागतं, पण सरकारी मराठीत ‘डोंगरी विकास कार्यक्रम’ आधीपासून आहे. डोंगरी म्हणा.

सीताबर्डी: हिमालयाला डोंगरी? सह्याद्रीच्या टेकड्यांचा शब्द आहे तो, भाऊ. पर्वतीय.

धंतोलीकर: पर्वतीय लिहितो. साडभाऊ विचारताहेत, तिथल्या एसडीओला तिथले लोक काय म्हणतात?

महालवाले: एसडीएम, म्हणजे सब-डिव्हिजनल मॅजिस्ट्रेट. त्यांना सांगा, ‘प्रांत’ नक्कीच नाही म्हणत.