प्रेक्षकांना विचारल्याने व्हिडिओ बिघडतो, हे मला मान्य नाही

फ्रेमवाली:
परवा इथे एका विद्यार्थ्याने लिहिलं होतं. तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी कानबाईच्या, म्हणजे खानदेशात श्रावणात घरोघरी बसवतात त्या देवीच्या, अहिराणी गाण्याचा म्युझिक व्हिडिओ केला, रफ कट (पहिलं कच्चं एडिट) पुण्यातल्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, गुगल फॉर्म भरून घेतला, सगळ्या सूचना पाळल्या आणि व्हिडिओची पार वाट लागली. निष्कर्ष काय, तर 'प्रेक्षकांना विचारूच नये'. खाली सगळे 'शंभर टक्के सहमत'. राग आला म्हणून सविस्तर लिहितेय.

त्या फॉर्ममधले प्रश्न त्यानेच टाकलेत. 'व्हिडिओ कसा वाटला, १ ते ५ गुण द्या' आणि 'काय बदलावं?' अरे, काय बदलावं हे प्रेक्षकाला का विचारता? त्याला काय दिसलं ते विचारा. व्हिडिओतली ती मुलगी शेवटी का उठून गेली? आई तिच्यावर रागावलेली होती का? उत्तरं आली की आपला शॉट पोचला की नाही ते आपोआप कळतं.

मी मुलांना सांगते, रफ कट लावला की स्क्रीनकडे पाहू नका, बघणाऱ्यांकडे पाहा. कुणाचा हात मोबाइलकडे गेला, त्या सेकंदाची नोंद करा. नंतर तो म्हणतो 'शेवट लांबलाय', पण कंटाळा आलेला असतो मधल्या म्युझिक पीसमध्ये, जिथे तोच ड्रोन शॉट पुन्हा येतो. तक्रार त्याची खरी असते. कारण शोधणं आपलं काम.

कट_टू_कट:
ताई, हे वर्गात बसून म्हणायला ठीक आहे. मूल्यमापनाच्या कागदावर 'प्रेक्षक प्रतिसाद आणि त्यानुसार केलेले बदल' असा रकाना असतो. बदल दाखवला नाही तर गुण कापतात. मग पोरं बदल करण्यासाठी बदल करतात. आमच्या वेळी मी अख्खं गाणं एका टेकमध्ये घेतलं होतं. कॅमेरा स्थिर, गाणारा चालत जवळ येतो, बस. सगळे म्हणाले 'बोअर होतंय, कट टाक'. टाकले. त्या वर्षीच्या बाकीच्या व्हिडिओंपासून तो वेगळा ओळखता येईना. आज लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, तिथे नवरीचे काका सांगतात तसं करतो, कारण पैसे ते देतात. कॉलेजात तरी माणसाला स्वतःचं करू द्या.

ओठ_जुळवा:
प्रतिसाद वगैरे नंतर बघू, आधी लिपसिंक, म्हणजे गाण्याशी ओठ जुळवणं, शिका. स्लो मोशनमध्ये गाताना दाखवायचं असेल तर सेकंदाला ५० फ्रेम्सवर शूट करा आणि सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवा. २५ च्या टाइमलाइनवर निम्म्या वेगाने टाकलं की ओठ बरोबर बसतात. हे न करता पोरं एडिटिंगमध्ये ताणतात, आणि बघणारा म्हणतो 'काहीतरी खटकतंय'. त्याला नेमकं सांगता येत नाही. एवढ्यापुरतं फ्रेमवालीचं बरोबर.

धुळ्याचा:
मूळ पोस्ट नीट वाचली का कुणी? त्याने कुठला शॉट कापला माहितीये? रोटासाठी, म्हणजे कानबाईच्या नैवेद्यासाठी, आई गहू मोजते तो. कानबाईच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठीने गहू घेतात. आई एकेक नाव घेत मुठी टाकते, मुलगी बाजूला बसून बघते. तिचं नाव येत नाही, म्हणून ती उठून जाते. सगळा व्हिडिओ त्या शॉटवर उभा होता. वर्गाने लिहिलं, 'धान्याचा शॉट फार लांब, कळत नाही'. तुम्हाला नाही कळणार! आमच्या गल्लीतल्या कुठल्याही बाईला दाखवा. वर 'बोल समजत नाहीत, मराठी सबटायटल टाका'. ते पण टाकले, ठळक पिवळ्या अक्षरात, थेट चित्रावर.

वाचक_पुणे:
सबटायटलने काय बिघडलं? अहिराणी मराठीचीच बोली आहे, दोन ओळी खाली दिल्या तर चार लोकांना जास्त कळेल. उगाच अस्मिता आणू नका.

धुळ्याचा:
२०११ च्या जनगणनेत खानदेशी (अहिराणी तिच्यातच येते) मराठीपासून वेगळी मोजलीय, बोलणारे अठरा लाखांच्या वर. ती आमनी भाषा शे. धुळे, जळगाव, नंदुरबार, बागलाणात अहिराणी गाणी यूट्यूबवर धो धो चालतात, पुण्याच्या सबटायटलशिवाय.

वाचक_पुणे:
आवाज चढवल्याने मुद्दा मोठा होत नाही. माझी बायको सुरतच्या खानदेशी घरातली आहे. तिच्या भाच्यांना अहिराणी धड कळत नाही, गुजरातीत बोलतात. कानबाईला मात्र गावी येतात. ती मुलं तुमची नाहीत का? आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांचं काय?

धुळ्याचा:
सुरतची पोरं आमचीच. ठीक आहे, सबटायटल द्या. पण व्हिडिओवर छापू नका. वेगळी एसआरटी फाइल चढवा, ज्याला हवं तो चालू करेल. आणि तो मुठीचा शॉट परत घ्या. यावर तडजोड नाही.

कट_टू_कट:
बघा, म्हणजे प्रेक्षकांचं ऐकल्यामुळेच शॉट गेला. मी तेच म्हणत होतो.

फ्रेमवाली:
नाही. ज्यांच्यासाठी गाणं आहे त्यांना विचारलं नाही, म्हणून गेला. माध्यमांचा अभ्यासक स्टुअर्ट हॉल याचा १९७३ चा एन्कोडिंग-डिकोडिंगचा निबंध सगळे परीक्षेत लिहितात. बनवणाऱ्याने भरलेला अर्थ बघणारा आपल्या जागेवरून उलगडतो, तसाच घेईल याची खात्री नाही. मग फॉर्ममध्ये बघणारा कुठला आहे, एवढं तरी विचारा! कानबाई बसवणाऱ्या घरातल्या बाईचं 'कळलं नाही' आणि वर्गमित्राचं 'कळलं नाही' यांची सरासरी काढता येत नाही. पहिलं आलं तर शॉट पुन्हा शूट करा. दुसरं आलं तर वर्गमित्र तुमचा प्रेक्षक आहे का ते ठरवा, आणि नसेल तर हात लावू नका.

रकान्याबद्दल कट_टू_कटचं मान्य करते, मनाविरुद्ध. पण 'ही सूचना आली, या कारणाने घेतली नाही' असं कारणासकट लिहिलेलं माझ्याकडे आलं तर मी पूर्ण गुण देते.

कट_टू_कट:
तुम्ही देता. आमच्या परीक्षकांनी दिले नव्हते. विद्यार्थ्याने कुणाच्या भरवशावर हे लिहायचं?

धुळ्याचा:
त्या पोराला कुणीतरी सांगा, जुना कट उडवला नसेल तर मला लिंक पाठव. श्रावणात घरी सगळ्या आत्या-मावश्या जमतात, त्यांना दाखवतो. फॉर्म भरायला सांगणार नाही.

फ्रेमवाली:
दाखवा. पण 'आवडलं का' विचारू नका. मुलगी का उठली, तेवढंच विचारा.