मदत हवी आहे: भावाला फेरी बोटीवर नोकरी करायचीये, एजंट १ लाख ८० हजार मागतोय

सिडकोकर_ताई

नमस्कार मंडळी. लांबण लागणारे, सांभाळून घ्या.

आम्ही नाशिकचे, सिडकोत राहतो. धाकटा भाऊ २६ पूर्ण, सातपूरच्या आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक केलंय, चार वर्षं अंबडला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे, हातात १३ हजार ५०० येतात, दर अकरा महिन्यांनी ब्रेक देऊन परत घेतात. दिवाळीनंतर मित्रांबरोबर दापोली-गुहागर फिरायला गेला होता, तिथे दाभोळहून धोपावेला जाताना गाड्यांसकट फेरीत बसले आणि हा पठ्ठ्या खाडी बघायची सोडून इंजिनाच्या झाकणापाशी जाऊन उभा राहिला. तिथल्या माणसाशी काय गप्पा झाल्या देव जाणे, पण घरी आल्यापासून एकच, मला फेरीवर काम करायचंय. आधी वाटलं दोन दिवसांचं खूळ आहे, पण आता तीन महिने झाले तरी उतरत नाहीये.

आता खरा प्रॉब्लेम. कॉलेज रोडला एका ऑफिसवाल्याने त्याला सांगितलंय की १ लाख ८० हजार भरा, त्यात कोर्स, सीडीसी (जहाजावर जायला लागणारं खलाशाचं पुस्तक), मेडिकल सगळं आलं आणि फेरी लाइनला ३५ हजारांची परमनंट नोकरी गॅरंटीने. पन्नास हजार या आठवड्यात मागतोय, सीट जाईल म्हणे. बाबा एफडी मोडायला निघालेत. आई आपल्या पाटल्या काढून बसलीये, आणि तीच आई रात्री रडते पण, कारण घारापुरीला जाणाऱ्या नीलकमल बोटीचा डिसेंबर २०२४ चा अपघात तिने टीव्हीवर दिवसभर पाहिलेला.

मला एवढंच कळत नाहीये की फेरीवर नक्की कामं काय असतात, शिक्षण काय लागतं, पगार खरंच एवढा असतो का, आणि २६ व्या वर्षी हे जमतं का. चष्मा आहे त्याला, दीड नंबर. पोहायला पक्कं येतं, लहानपणी गांधी तलावात उड्या मारूनच शिकलाय.

गोदाकाठ

नाशकात राहून फेरी? पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की होळकर पुलाखाली चालू करू म्हणा ना भो 😄 गंगापूर धरणाला बोट क्लब आहे तिकडे विचारलं का?

सिडकोकर_ताई

विचारलं. तिथे मोसमी काम आहे आणि त्याला पर्यटकांना चकरा मारून आणायच्या नाहीयेत, त्याला इंजिन पाहिजे. जोक पुरे, कोणाला खरं माहीत असेल तर सांगा प्लीज.

मोऱ्याचा_काका

ताई, आधी ते पन्नास हजार थांबवा. मग वाचा.

मी २२ वर्षं मुंबईतल्या भाऊचा धक्का ते उरणच्या मोरा या लाइनला लाँचवर होतो, पहिली पाच खलाशी आणि मग इंजिन ड्रायव्हर. इथे ड्रायव्हर म्हणजे बोट वळवणारा नव्हे, तो तांडेल किंवा सारंग, तो वर सुकाणूवर असतो. ड्रायव्हर खाली इंजिनापाशी. आमच्या लाकडी लाँचवर तांडेल वरून दोरी ओढायचा आणि खाली घंटा वाजायची, कुठला टोला म्हणजे पुढे, कुठला म्हणजे थांब, कुठला म्हणजे मागे हे कानात बसलेलं पाहिजे, कारण खालून तुम्हाला धक्का दिसत नाही की समोरची बोट दिसत नाही, नुसतं ऐकायचं आणि गिअर टाकायचा. एक टोला चुकीचा ऐकला तर बोट धक्क्यावर जाऊन आपटते, आणि शिव्या वरच्याला नाही खालच्याला. नवीन बोटींवर सगळं वरूनच कंट्रोल होतं, पण खाली माणूस लागतोच.

चढत जायची शिडी अशी. डेकवर खलाशी, मग सारंग, मग सेकंड क्लास मास्टर, फर्स्ट क्लास मास्टर. इंजिनला ग्रीझर किंवा ऑइलमन, मग सेकंड क्लास ड्रायव्हर, फर्स्ट क्लास ड्रायव्हर. ही जुन्या १९१७ च्या कायद्यातली नावं, आता इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट २०२१ आलाय त्यात वर्ग नव्याने बांधलेत पण धक्क्यावर सगळे अजून सारंग आणि ड्रायव्हरच म्हणतात. महाराष्ट्रात ही सर्टिफिकेटं मेरीटाइम बोर्डाकडून मिळतात. आणि मुख्य गोष्ट, कोर्स केला आणि ड्रायव्हर झाला असं होत नाही. आधी बोटीवर काम करायचं, मालकाकडून सर्व्हिसचा दाखला घ्यायचा, मग परीक्षा. माझी तोंडी घेतली तेव्हा साहेबाने पहिलाच प्रश्न विचारला, बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, पाणी वाढतंय, तू आधी काय बघशील. मी म्हटलं पंप चालू करीन. तो म्हणाला पंप तर कोणीही चालू करेल, पाणी खारट आहे की गोडं ते चाखशील का नाही? खारट असेल तर बोटीला कुठेतरी गळती, गोडं असेल तर आपलीच टाकी किंवा कूलिंगचं पाणी. दुसऱ्या वेळेला पास झालो.

तुमच्या भावाचं डिझेल मेकॅनिक इथे सोन्यासारखं आहे. इंजिनला अशी पोरं मिळत नाहीत, सगळ्यांना वरची हवा पाहिजे. दीड नंबरचा चष्मा इंजिनला सहसा आड येत नाही. डेकला नजर आणि रंग ओळखणं दोन्ही कडक, कारण रात्री समोरून येणाऱ्या बोटीचा लाल दिवा दिसतोय का हिरवा त्यावरच ती कुठल्या बाजूने जातेय ते कळतं, लाल डाव्या अंगाला, हिरवा उजव्या.

पगाराचं माझ्यापुरतं सांगतो. मी २०१९ ला सुटलो तेव्हा भत्ता धरून २४ हजार हातात. तेव्हा नवीन खलाशाला ११ हजार आणि बोटीवर जेवण. आता वाढलं असेल, पण पहिल्या दिवशी ३५ कोण देणार?

आईंना सांगा, त्या अपघातात नौदलाच्या स्पीडबोटीची इंजिनची ट्रायल चालू होती, तिचा ताबा सुटला आणि ती येऊन धडकली. पाण्यावर धोका नाही असं मी म्हणणार नाही, पण मला २२ वर्षांत पाण्याने काही केलं नाही, इंजिनने केलं. डावा कान गेलाय. पोराला पहिल्या पगारातून कानाचे मफ घ्यायला सांगा, मालक देईल याची वाट बघू नये.

बोसन_देवळाली

काकांना सलाम. ताई मी देवळाली कॅम्पचाच, परदेशी जहाजावर बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम आहे, सध्या सुट्टीवर. एजंटच्या बाजूचं मी सांगतो.

तो दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी करून विकतोय. सीडीसी लागते समुद्रात जाणाऱ्या जहाजांसाठी, ते खातं डीजी शिपिंगचं, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज विभागाचं. बंदरातल्या आणि खाडीतल्या फेरीला काकांनी सांगितलेलं इनलँडचं सर्टिफिकेट लागतं, ते खातं वेगळं. इनलँडचं सर्टिफिकेट घेऊन परदेशी जहाजावर जाता येत नाही. मग खाडीतल्या फेरीवर ग्रीझर व्हायला सीडीसीचे पैसे कशाला?

दुसरं वय. खालून रेटिंग, म्हणजे साधा खलाशी, म्हणून जहाजावर जायचा नेहमीचा रस्ता म्हणजे जीपी रेटिंगचा सहा महिन्यांचा प्री-सी कोर्स. दहावी पास, इंग्रजीत ४० टक्के आणि वय साडेसतरा ते २५. तुमचा भाऊ २६. एजंटने वय विचारलंच नाही का? विचारून गप्प बसला असेल तर अजून वाईट. नुसते एसटीसीडब्ल्यूचे बेसिक कोर्स, म्हणजे आग विझवणं, बुडताना जीव वाचवणं, प्रथमोपचार, सुरक्षा वगैरे, हे थोड्या दिवसांत होतात आणि तेवढं सर्टिफिकेट हातात देऊन लाखो रुपये घेणारे खूप आहेत. नोकरी मात्र मिळत नाही. माझ्या ओळखीतल्या तिघांच्या घरी ती सर्टिफिकेटं फ्रेम करून लावलेली आहेत, खोटं नाही सांगत.

तिसरं, जहाजावर माणसं पाठवणाऱ्या एजंटकडे आरपीएसएल लायसन्स लागतं आणि नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायला त्याला कायद्याने बंदी आहे. लायसन्सवाल्यांची यादी डीजी शिपिंगच्या साइटवर आहे, त्याला नंबर विचारा आणि समोरच तपासा. माझ्या अंदाजाने तो चहा मागवेल आणि विषय बदलेल.

कोर्स करायचाच असेल तर पाटण्याला नॅशनल इनलँड नॅव्हिगेशन इन्स्टिट्यूट आहे, सरकारी, जलमार्ग प्राधिकरणाची, तिथे इनलँड बोटींचेच कोर्स असतात, चौकशी करून ठेवा. आणि २०२१ च्या कायद्यामुळे इनलँडची सर्टिफिकेटं देशभर चालतात, त्यामुळे उद्या कोचीला जायचं म्हटलं तरी अडायला नको. तिथली वॉटर मेट्रो २०२३ ला चालू झाली, बॅटरीवरच्या बोटी आहेत, म्हणून भावाला म्हणावं डिझेल येतंय ते ठीक, इलेक्ट्रिकचं पण शिकून घे.

खाडीपलीकडे

मी कोकणातल्या एका गाड्यांच्या फेरीवर आहे (नाव नको). इंजिनवाले दोघंच, बाकी आम्ही. माझं काम रॅम्पवर, कोणती गाडी कुठे उभी करायची ते मी ठरवतो. सोपं वाटतं, पण डंपर एका अंगाला आणि पाच अ‍ॅक्टिव्हा दुसऱ्या अंगाला लावून बघा बोट कशी कलते ती. पर्यटक हँडब्रेक न लावता सेल्फी काढायला जातात, त्यांच्या मागे ओरडत फिरणं हा अर्धा पगार समजा 😂 शिवाय तिकीट खिडकी, धक्क्यावर रांग लावणं, दोर टाकणं, रात्री धुणं. ह्याला दहावी-बारावी आणि पोहणं एवढं बास, ओळखीने घेतात. मी १५ हजारांना लागलो, आता १८ हजार आहेत, राहायची खोली मालकाची. गणपती, मे महिना आणि ३१ डिसेंबरला घरी जायचं विसरायचं.

पावसाळ्याचं आधी विचारा. गेटवे ते मांडवा लाँचा मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत बंदच असतात. त्या काळात काही मालक अर्धा पगार देतात, काही नुसतं या म्हणतात. बोट वर काढून घासणं, रंग, इंजिन खोलणं ही कामं मात्र तेव्हाच निघतात, मेकॅनिक पोराला तेव्हा उलट जास्त बोलावतील. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो (गाड्या नेणारी) आहे ना, मार्च २०२० ला चालू झालेली, ती मोठी बोट असल्याने हवामान बघून पावसात पण जाते. आमच्या खाडीतल्या पण चालतात, वारं फार असलं की थांबतात.

आणि पीएफ कापतात का ते नक्की विचारा. कापत नसतील तर सर्व्हिसचा दाखला देताना पण खळखळ करतात, माझा अनुभव आहे.

सिडकोकर_ताई

सगळ्यांचे खूप आभार, दोनदा वाचून दाखवलं घरी.

काल मी आणि भाऊ दोघं त्या ऑफिसात गेलो. आरपीएसएल नंबर विचारला तर म्हणाला प्रोसेसमध्ये आहे. वयाचं विचारलं तर म्हणाला ते आम्ही वरून अ‍ॅडजस्ट करतो. चहा खरंच मागवला. 🙏 आम्ही न पिता उठलो. एफडी वाचली, पाटल्या परत कपाटात गेल्या, बाबा मात्र अजून म्हणतायत की एवढं मोठं ऑफिस आहे, काचेचं दार आहे, फसवेल कशाला.

भाऊ शनिवारी पंचवटी एक्सप्रेसने जाऊन भाऊच्या धक्क्यावर नुसता बघून येणार आहे. काका, तो तिथे जाऊन विचारणार कोणाला? आणि अजून एक, हसू नका, आमच्या घरी माळ आहे, मासे नाहीत, बोटीवर जेवणाचं कसं करतात?

मोऱ्याचा_काका

सीएसएमटीला उतरून हार्बर लाइनने डॉकयार्ड रोड, तिथून चालत. सकाळी जाऊन उपयोग नाही, तेव्हा मासळीची गडबड असते, कोणी उभं करणार नाही. पंचवटीने येईपर्यंत तसेही अकरा वाजून जातात, ते बरं. आणि ओहोटी कधी आहे ते बघून यायला सांगा. मोऱ्याला आणि रेवसला गाळ फार, पाणी उतरलं की बोटी लागत नाहीत, मग सगळे तांडेल-ड्रायव्हर धक्क्यावर बसलेले असतात, बोलायला मोकळे. ऑफिसात अर्ज देऊ नको म्हणावं, आधी ड्रायव्हरशी बोल, कुठल्या बोटीला माणूस कमी आहे ते ऑफिसच्या आधी त्याला माहीत असतं. आयटीआयचं सर्टिफिकेट, आधार आणि दोन फोटो खिशात ठेवायचे.

माळेचं काही नाही. माझ्या बोटीवर एक सारंग होता देहूकडचा, सात वर्षं वेगळ्या डब्यात भाकरी-पिठलं आणायचा, आम्ही त्याच्या डब्याला हात लावला नाही आणि तो आमच्या बांगड्यांना नावं ठेवत नव्हता. वास मात्र सहन करावा लागेल, तो धक्काच तसा आहे.

सिडकोकर_ताई

काका मी तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) केलाय. लगेच ठेवून घेतलं तर राहायचं कुठे, एवढंच बघायचं राहिलंय.

मोऱ्याचा_काका

बघितला. पहिले काही दिवस बोटीवरच झोपतात सगळे, नंतर उरणला खोली बघू, मी आहे. शनिवारी जुने कपडे घालून यायला सांगा, इस्त्रीचा शर्ट नको. कोणी म्हणालं चल खाली ये दाखवतो, तर हातात पहिला बिल्जचा डबाच देतात.