आजोबांच्या पानाच्या डब्यात रोमन नाणं? खरं असेल का?

गिरगावकर_७८: मंडळी, माळा आवरताना आजोबांच्या पानाच्या डब्यात चांदीचं नाणं मिळालं, साधारण जुन्या पावलीएवढं. एका बाजूला उजवीकडे बघणारा माणूस, डोक्यावर पानांची माळ आणि मानेवर रिबिनी, दुसरीकडे खुर्चीत बसलेली बाई, एका हातात उभी काठी, दुसऱ्यात फांदी. कडेने इंग्रजी अक्षरं आहेत पण ऑगस्टसमध्ये यूच्या जागी व्ही, म्हणून भाऊ म्हणतो डुप्लिकेट. आई तर टूथ पावडरने घासायलाच निघाली होती.

नाणेवेडा: आधी ती पावडर लपवा!! घासलं की वरचा काळसर थर जातो आणि किंमतही. बाकी व्ही बरोबरच आहे, रोमन लोक यूला व्हीच लिहायचे, उलट यू असता तर मी घाबरलो असतो. वर्णनावरून रोमन सम्राट तिबेरियसचा दिनार (रोमनांचं चांदीचं नाणं) वाटतोय, इ.स. 14 ते 37 चा. पुढे लिहिलंय दैवी ऑगस्टसचा, म्हणजे आधीच्या सम्राटाचा, मुलगा, मागे पाँटिफ मॅक्झिम म्हणजे मुख्य पुरोहित. बाई म्हणजे त्याची आई लिव्हिया असं बरेच जण धरतात. पण नकला भरपूर आहेत, भारतात त्या काळीही झाल्या. सराफाकडे वजन करा, 3.7 ग्रॅमच्या आसपास हवं, कसोटीवर मात्र घासू देऊ नका. आणि कडेला शिवण दिसली तर ओतीव आहे, खरं नाणं ठशाने मारलेलं असतं.

वसईचा_पोरगा: आमच्याकडे चर्चमध्ये फादर हेच नाणं सांगतात, कैसराला म्हणजे रोमन सम्राटाला कर द्यावा का, या प्रश्नावर येशूने मागवलं ते, बायबलात मत्तय 22. बायबलात नुसतं कैसर आहे, त्यामुळे हेच ते असं छातीठोक कोण सांगणार. बाकी नालासोपारा आणि कल्याण दोन्ही त्या काळची बंदरं, पेरिप्लस नावाच्या ग्रीक प्रवासवहीत नावं आहेत, लोकलमध्ये लटकताना कोणाला आठवतं म्हणा.

नाणेवेडा: हो, पण म्हणून हे सोपाऱ्याला उतरलं असं नको समजायला, ऑगस्टस-तिबेरियसच्या नाण्यांचे साठे जास्त करून आंध्र-तमिळनाडूकडे सापडलेत. पुढच्या काळातल्या सम्राट नीरोने इ.स. 64 च्या सुमारास दिनाराचं वजन आणि चांदी दोन्ही घटवली, म्हणून व्यापाऱ्यांना जुनीच आवडायची असं म्हणतात. बरं, खुर्चीचे पाय साधे की नक्षीदार? त्यावरून प्रकार ठरतो.

गिरगावकर_७८: 3.6 भरलं, शिवण नाही, आणि एका बाजूची अक्षरं अर्धी कडेबाहेर गेलीत. पाय भिंगातून बघितले, नक्षीदार आहेत, डावा झिजलाय. आई विचारतेय सिंहासनावर बसून फांदी कशाला धरलीय.