शब्दचर्चा : ‘खुजं’ बाळ की ‘खुरटलेलं’?

पोषण अभियानाच्या मराठी कागदांत दोन शब्द जोडीने येतात: खुजेपणा आणि लुकडेपणा. वयाच्या मानाने उंची कमी तो खुजेपणा, उंचीच्या मानाने वजन कमी तो लुकडेपणा. ‘लुकडं’बद्दल तक्रार नाही. पोर तापातून उठलं की लुकडं होतं, खाऊपिऊ घातलं की भरतं, हे घरोघरी ठाऊक आहे. ‘खुजं’ मात्र मला फार खटकतं.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका अंगणवाडीत मी याच विषयाचं माहितीपत्रक वाचून दाखवत होते. सेविकाताईंनी दीड वर्षाच्या मुलाला फळीवर झोपवलं, गुडघे हलकेच दाबून लांबी घेतली (दोन वर्षांखालचं बाळ आडवंच मोजतात). “खुजेपणात येतो,” ऐकताच आई म्हणाली, “येणारच ना ताई, ह्याचे पप्पापण बुटकेच आहेत.” तिच्यापुरता विषय संपला. गर्भारपणातलं अर्धपोटी जेवण, सारखे होणारे जुलाब, सगळं त्या शब्दाने झाकून टाकलं. आणि अशी कमी उंची बहुतेकदा आईबापाच्या हाडांतून आलेली नसते. जागतिक आरोग्य संघटनेची २००६ची वाढमानकं (कोणत्या वयाला किती उंची-वजन हवं याची मापं) भारतासह सहा देशांतल्या मुलांवरून ठरली. नीट खायला-प्यायला मिळालेली लहान मुलं सगळीकडे जवळपास सारखीच वाढतात, हे त्यातून दिसलं. तरी २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं खुजेपणाच्या गटात निघाली. एवढी मुलं जन्मजात बुटकी कशी असतील?

म्हणून ‘खुरटलेलं’ सुचवते. रोप खुरटलं की आपण रोपाला बोल लावत नाही, माती-पाणी बघतो. ‘वाढ खुंटली’ कसं वाटतं?

प्रतिसाद, शहापूर : ‘खुंटली’ नको, ताई. खुंटलं म्हणजे संपलं. मी पर्यवेक्षिका होते, ‘खुंटली’ ऐकून हातपाय गाळलेल्या आया पाहिल्यात. आमच्या सेविका म्हणतात, “बाळ वाढीत मागं राहिलंय.”

मूळ प्रश्नकर्ती : मनापासून पटलं, बाई. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये १९८०च्या दशकात अशाच मुलांच्या घरी दोन वर्षं दर आठवड्याला आरोग्य कार्यकर्ती जायची. आईला बाळाशी बोलायला, खेळायला शिकवायची. वीस वर्षांनी ती मुलं, भेटी न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त कमवत होती, म्हणजे वाढ नीट झालेल्यांच्या बरोबरीने. हे ‘खुंटलेलं’ म्हणायचं कोणत्या तोंडाने? शिवाय ‘मागं राहिलं’मध्ये न्यायाचा प्रश्नही येतो, कुणाच्या मागं आणि कशापायी. ‘खुज्या’ला तो विचारताच येत नाही.

पत्रकात बदल केलाय. तक्त्यात सरकारी शब्द राहील, आईशी बोलताना ‘वाढीत मागं राहिलेलं’. काल त्याच अंगणवाडीत वाचलं. एका आईने लगेच विचारलं, “किती मागं?” सेविकाताईंनी वाढीच्या तक्त्यावर बोट ठेवून तिला रेघ दाखवली.