पहिलं मत कितव्या वर्षी दिलंत? आणि ते वय बदलावं का?

घरात वाद चालू आहे म्हणून हा धागा. ब्रिटनच्या सरकारने जुलै 2025 मधे जाहीर केलं की सगळ्याच निवडणुकांसाठी मतदानाचं वय 16 करणार, तेव्हापासून आमची अकरावीतली कन्या मागे लागलीय की मग आम्हाला का नाही. नवरा म्हणतो उलट परत 21 करा. आपल्याकडे आधी 21 च होतं, 61 व्या घटनादुरुस्तीने कलम 326 बदललं आणि 28 मार्च 1989 पासून 18 झालं. चर्चा भरपूर ऐकून झालीय, मला अनुभव हवेत. पहिल्यांदा मत दिलं तेव्हा काय कळत होतं, घरच्यांनी सांगितलं तिथे दिलं का, की मत द्यायचंच राहिलं? पक्षांची नावं नकोत प्लीज, धागा कुठल्या कुठे जातो.

जुना खोडकर

मी त्या 89 च्या बॅचचा. नोव्हेंबर 89 च्या लोकसभेला वीस वर्षांचा होतो, कायदा बदलला नसता तर घरीच बसलो असतो. तेव्हा कागदी मतपत्रिका, आधी उभी घडी घालायची मग आडवी, नाहीतर शिक्क्याची ओली शाई दुसऱ्या चिन्हावर उमटते आणि मत बाद. वडिलांनी आदल्या रात्री वहीचा कागद घेऊन ती घडी आम्हा भावंडांकडून घालून घेतली होती, कोणाला मत द्यायचं ते मात्र बोलले नाहीत. मोठा भाऊ 84 ला वीसचा होता, त्याला तेव्हा मत नव्हतं, मग थेट 89 ला पंचविसाव्या वर्षी पहिलं मत. आम्ही दोघं एकाच दिवशी एकाच रांगेत. अजून म्हणतो तुम्हाला फुकटात मिळालं. त्याला जास्त कळत होतं का? मुळीच नाही, तो रांगेत क्रिकेटवर बोलत होता.

बीएलओ बाई

शाळेत शिकवते आणि बीएलओचं कामही आहे, म्हणजे मतदार यादीसाठी घरोघरी हिंडणं. 16, 18, 21 हा वाद मला जरा वरवरचाच वाटतो कारण 18 झालेल्यांचीच नावं यादीत नसतात. घरात अठरा-एकोणिसाची मुलगी समोर बसलेली असते, मी नाव नोंदवायचा फॉर्म 6 पुढे करते आणि आई म्हणते, "हिचं राहू द्या मॅडम, लग्न झालं की तिकडेच लावतील." मुलाचं नाव मात्र लगेच. मुलगी काही बोलत नाही, मोबाईलमधे बघते. एका घरी मी हट्टाने तिलाच विचारलं तर पटकन आत जाऊन जन्मदाखला आणि फोटो घेऊन आली, आधीच काढून ठेवला होता की काय कोण जाणे. वय 16 करा नाहीतर 14 करा, ह्या मुलींना मत लग्नानंतरच मिळणार असेल तर काय फरक पडतो?

आणि हो, 17 पूर्ण झाले की आगाऊ अर्ज करता येतो, हे फार कमी घरांत माहीत असतं.

एप्रिलवाली

माझी केस ऐका. एप्रिल 2006 च्या मधला जन्म. लोकसभेचं मतदान आमच्याकडे 20 मे 2024 ला, म्हणजे मी 18 पूर्ण, आणि तरी मत नाही!! कारण वय मतदानाच्या दिवशीचं नाही, अर्हता दिनांकाचं, म्हणजे यादीसाठी ठरवलेल्या तारखेचं बघतात. पूर्वी फक्त 1 जानेवारी होता, आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर असे चार आहेत आणि माझा एप्रिलचा थोडक्यात हुकला. वर्गातली मार्चमधे जन्मलेली मैत्रीण शाईचं बोट नाचवत होती. विधानसभेला नोव्हेंबरमधे दिलं शेवटी. दहावीच्या राज्यशास्त्रात निवडणूक प्रक्रियेवर अख्खा धडा आहे, परीक्षेला टिपा लिहिल्या, मार्क पण पडले, आणि ते वापरायला तीन वर्षं थांबा. तोपर्यंत सगळं विसरायला होतं हो. त्यामुळे माझं मत 16.

होस्टेलवासी

वय बिय सोडा, पत्त्याचं बघा आधी. नाव गावच्या यादीत, कॉलेज चारशे किमी लांब, मतदान परीक्षेच्या आठवड्यात. आमच्या मजल्यावर अर्ध्याहून जास्त पोरं 18 च्या वर आणि मतदानाच्या दिवशी सगळी रूमवर झोपलेली, मी पण.

बीएलओ बाई

होस्टेलच्या पत्त्यावर नाव लावता येतं की. कॉलेजचं बोनाफाईड लागतं. गावच्या यादीत नाव असेल तर फॉर्म 8 भरून बदलून घ्या.

एडिनबराकर

आमचा अनुभव जरा वेगळा म्हणून सविस्तर लिहितोय. सप्टेंबर 2014 मधे स्कॉटलंडने ब्रिटनमधून वेगळं व्हायचं का यावर सार्वमत झालं, त्यात 16 आणि 17 वर्षांच्यांना पहिल्यांदा मत दिलं. राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिकही मत देऊ शकत होते, त्यामुळे भारतीय पासपोर्टवरच आम्ही दोघं आणि नुकताच 16 चा झालेला मुलगा, तिघंही मतदार. शाळेत वादविवाद ठेवलेले. एकदा घरी येऊन मला विचारतो, बाबा वेगळं झालं तर पाउंड राहणार का, आणि तुमच्या पेन्शनचं काय? मी ऑफिसातल्या गप्पांवर मत ठरवून बसलेलो, मला नीट उत्तर देता येईना. केंद्रावर कागद आणि दोरीला बांधलेली पेन्सिल, तो आत गेला आणि आमच्यापेक्षा जास्त वेळ लावून बाहेर आला. कोणाला दिलं ते आजतागायत सांगितलं नाही. एकूण मतदान जवळजवळ 85 टक्के झालं आणि 55-45 ने नाही असा निकाल लागला.

पण पुढची गंमत ऐका. मे 2015 ला ब्रिटनची संसद निवडायची तर तिथे वय 18, म्हणून हा घरी. 2015 मधेच स्कॉटलंडने स्वतःच्या संसदेसाठी आणि स्थानिक निवडणुकांसाठी 16 केलं, त्यामुळे मे 2016 ला मत दिलं. आणि पुढच्याच महिन्यात ब्रेक्झिटचं सार्वमत, तिथे परत 18, परत घरी! देश फोडायचा का हे सोळाव्या वर्षी विचारलं आणि युरोपातून बाहेर पडायचं का हे सतराव्या वर्षी विचारलं नाही. त्या दिवशी तो माझ्याशी बोलतच नव्हता, कारण मला मत होतं. ऑस्ट्रियाने 2007 मधेच सगळ्या निवडणुकांना 16 केलं. ठेवायचं तर असं एकच वय ठेवा, अर्धवट नको.

बांधावरचा

मी 21 वाला. आमच्याकडे ग्रामपंचायतीला अठरा-एकोणीसची पोरं उमेदवाराने पेट्रोल टाकून दिलेल्या गाड्यांवर हॉर्न वाजवत फिरतात, संध्याकाळी जेवणावळी, आणि मत तिथेच. त्यांना विचारा वॉर्डात काय काम झालं, एकाला सांगता येत नाही. 16 केलं तर ह्याच गाड्यांवर दहावीची पोरं दिसतील.

जुना खोडकर

आणि त्या जेवणावळीत पन्नाशीचे किती असतात तेही मोजा की राव. त्यांचं वय वाढवून कितीवर न्यायचं?

सदस्य ताई

मी ग्रामपंचायतीला उभी राहिले तेव्हा बावीसची होते. उभं राहायला 21 लागतात, लोकसभा-विधानसभेला 25. 2023 मधे संसदेच्या समितीने ते 18 करावं असं सुचवलंय, पुढे काही हललेलं नाही. प्रचाराला गेले की पहिला प्रश्न वय किती, दुसरा लग्न कधी. असो, आले निवडून.

दादांचं पेट्रोलचं अगदी खरं आहे, तरी मला वेगळं दिसलं. आमच्या ग्रामसभेत मोठी माणसं घरकुलाच्या यादीत आपलं नाव आहे का एवढंच विचारतात आणि उठतात. बालसभा घेतली तर एक अकरावीतली मुलगी उभी राहिली, म्हणाली सकाळची एसटी बंद केलीय, दुसरी येते तोवर पहिले दोन तास बुडतात, पास काढलाय त्याचं काय. त्या गाडीने गावातलं दुसरं कोणी जातच नाही, सगळी हीच सोळा-सतराची पोरं. आम्ही ठराव केला, डेपोला पत्र दिलं, तिथले साहेब म्हणाले बघू. लोकसभेचं राहू द्या, निदान ग्रामपंचायतीला तरी ह्यांना मत असतं तर मागच्या निवडणुकीत त्या एसटीचा विषय एका तरी उमेदवाराने काढला असता. कोणीच काढला नव्हता, मी सुद्धा नाही. गाडी अजून चालू झालेली नाही, कोणाची डेपोत ओळख असेल तर सांगा.