मदत हवी आहे: प्रोजेक्ट संपत आलाय, मुलाखतींचं कोडिंग कशात करू?

पाणवठा
नमस्कार, तातडीने मदत हवी आहे. युनिव्हर्सिटीच्या एका छोट्या प्रोजेक्टवर क्वालिटेटिव्ह रिसर्चर म्हणून काम करते. मुलाखती झाल्यात, आता कोडिंग, म्हणजे उताऱ्यांना विषयाची लेबलं लावणं. टीममध्ये ज्याच्याकडे एनव्हिवो (कोडिंगचं विकतचं सॉफ्टवेअर) होतं तो सोडून गेला. फुकट आणि दोन दिवसांत शिकता येईल असं सॉफ्टवेअर सुचवा. आणि सॅच्युरेशन झालं, म्हणजे आणखी मुलाखतींतून नवं काही निघणार नाही, हे अहवालात दाखवायचं कसं? पीआयना (प्रोजेक्टच्या प्रमुखांना) शुक्रवारी सांगायचंय. 'आधी पद्धत ठरवा' असं कृपया लिहू नका, ते वाचून झालंय.

जुनी_वही
किती मुलाखती? सरासरी किती मिनिटांच्या? ट्रान्सक्रिप्ट तयार आहेत का? कोणत्या भाषेत? करार किती दिवस उरलाय? एवढं कळल्याशिवाय सॉफ्टवेअरचं नाव सांगून काय उपयोग.

कोरा_कागद
टॅगेट. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, ब्राउझरमध्ये चालतं. मजकूर निवडा, टॅग लावा, संपलं. एका दुपारी शिकाल. मात्र स्वतःच्या संगणकावर बसवून वापरा, त्यांच्या सर्व्हरवर मुलाखती चढवू नका. याहून जास्त सोयी हव्या असतील तर क्वालकोडर, तेही फुकट. आणि पुढे कोणी एनव्हिवोवाला आलाच तर क्वालकोडरमधून रेफी-क्यूडीए या अशा सॉफ्टवेअरांच्या सामाईक स्वरूपात प्रोजेक्ट बाहेर काढता येतो, काम वाया जात नाही.

पाणवठा
@कोरा_कागद धन्यवाद, टॅगेट बघते.
@जुनी_वही २८ मुलाखती, ४५ ते ९० मिनिटांच्या. मराठीत. ७ आठवडे उरलेत. घरी दीर्घकाळ आजारी माणूस सांभाळणाऱ्यांशी बोललो आहोत.

जुनी_वही
ट्रान्सक्रिप्टचं उत्तर राहिलं.

पाणवठा
१७ झालेत. ११ बाकी.

जुनी_वही
मग तुमची अडचण सॉफ्टवेअरची नाही. एक तासाचं रेकॉर्डिंग शब्दशः उतरवायला सरावलेल्या माणसालाही पाच-सहा तास लागतात. अकरा मुलाखतींचे साठ-सत्तर तास झाले, म्हणजे रोज आठ तास दुसरं काहीही न करता आठ-नऊ दिवस. त्यानंतर २८ ट्रान्सक्रिप्ट वाचणं, कोड करणं, पुन्हा वाचणं, लिहिणं. पाच आठवड्यांत हे एका माणसाचं काम नाही. आणखी कोण आहे टीममध्ये?

तिसरा_डोळा
आजकाल हाताने कोण उतरवतं? व्हिस्पर हे बोलणं आपोआप लिहून देणारं सॉफ्टवेअर स्वतःच्या लॅपटॉपवर चालवा, रात्रभरात ११ फायली होतील. मी मागच्या प्रोजेक्टला तेच केलं.

उंबरठा
@तिसरा_डोळा, कोणत्या भाषेतल्या मुलाखती होत्या तुमच्या? मराठीत आणि त्यातही बोलीत ते अडखळतं. त्याहून मोठी काळजी म्हणजे माणूस गप्प झाला की व्हिस्पर कधीकधी न बोललेली वाक्यं घालतं. आजारपणाबद्दल बोलताना माणसं गप्प होतात. तिथेच खरं काहीतरी असतं, आणि तिथेच यंत्र मनाचं भरणार.

तिसरा_डोळा
म्हणून तर ऐकत तपासायचं. कच्चा मसुदा हाती असला तर सहाचे तीन तास होतात. हा माझा अनुभव आहे.

उंबरठा
मसुदा छापील दिसायला लागला की कान विश्वास ठेवतो, हाही माझा अनुभव आहे. तीन मुलाखती पुन्हा ऐकल्यावर एका ठिकाणी 'नाही' गळालेलं सापडलं. वाक्याचा अर्थ उलटा झाला होता.

बाभूळ
सॅच्युरेशनचं सोपं आहे. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांचा २००६ चा लेख द्या. १२ मुलाखतींत होतं. तुमच्याकडे २८ आहेत.

सांजवात१
@बाभूळ, हा आकडा लोक लेख न वाचता वापरतात म्हणून थोडं सविस्तर लिहिते. त्यांच्याकडे ६० मुलाखती होत्या, सगळ्या स्त्रियांच्या, बऱ्यापैकी एकसारख्या गटातल्या, आणि प्रश्न सगळ्यांना साधारण तेच विचारलेले. त्या परिस्थितीत पहिल्या १२ मध्ये बहुतेक कोड सापडले. लेखक स्वतःच सांगतात की लोक जितके वेगवेगळे, तितका हा आकडा वाढेल. धागाकर्तीकडे वयस्क नवऱ्याला सांभाळणारी बाई आणि आजारी मुलाला सांभाळणारा बाप दोघं असतील तर १२ चा आधार उरत नाही.

दुसरं म्हणजे सॅच्युरेशन ही कल्पना १९६७ मध्ये ग्लेझर आणि स्ट्रॉस यांच्या ग्राउंडेड थिअरीतून आली. तिथे मुलाखत घ्यायची, लगेच विश्लेषण करायचं, त्यावरून पुढचा माणूस निवडायचा, असं चक्र असतं. सगळ्या मुलाखती आधी घेऊन मग कोडिंगला बसलात तर सॅच्युरेशन 'झालं' असं प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. त्यापेक्षा माल्टेरुड यांच्या २०१६ च्या लेखातला माहितीच्या बळाचा विचार घ्या. तुमचा प्रश्न किती नेमका, लोक किती जाणकार, संवाद किती सकस, सिद्धांताचा आधार आहे का, विश्लेषण कसं करणार, यावरून मुलाखती पुरेशा आहेत का ते ठरतं. एक परिच्छेद लिहा आणि खरं लिहा.

पाणवठा
@सांजवात१ हे फार कामाचं आहे. पण पीआयना 'सॅच्युरेशन' हा शब्दच हवाय. आणि दोन कोडर आणि कप्पासुद्धा, म्हणजे दोघांचं कोडिंग किती जुळतं त्याचा आकडा. दुसरी कोडर म्हणजे एमएची विद्यार्थिनी, आठवड्यातून दोन दिवस येते.

सांजवात१
कप्पा कशासाठी? कोडिंग कुठल्या पद्धतीचं आहे?

पाणवठा
थीमॅटिक अॅनालिसिस लिहिलंय प्रस्तावात, म्हणजे मुलाखतींतून समान सूत्रं काढायची पद्धत. ब्राउन आणि क्लार्क.

सांजवात१
मग तर कप्पा बसतच नाही. त्यांनी २००६ मध्ये जी पद्धत मांडली आणि २०१९ पासून जिला रिफ्लेक्सिव्ह म्हणायला लागले, तिच्यात संशोधकाची समज हेच साधन आहे. दोघींनी एकसारखं वाचलं म्हणजे ते बरोबर, असं त्या मानत नाहीत. कोहेनचा कप्पा १९६० चा, वर्गवारीतला मेळ मोजायला केलेला.

बाभूळ
हे पुस्तकी झालं. समीक्षक विचारतात. माझा लेख 'विश्वासार्हता दाखवली नाही' म्हणून परत आला होता. ०.७ कप्पा टाकला, छापला गेला. करार संपत आलेल्या मुलीला तत्त्वज्ञान कशाला शिकवता?

सांजवात१
तत्त्वज्ञान नाही, तिचे तास वाचवते आहे. कप्पा काढायचा म्हणजे पक्कं कोडबुक, विद्यार्थिनीचं प्रशिक्षण, तेच ट्रान्सक्रिप्ट दोघींनी कोड करणं, मतभेद सोडवणं. दोन आठवडे गेले. तेवढ्यात दोघींनी चार ट्रान्सक्रिप्ट शेजारी बसून वाचली आणि कुठे वेगळं वाचलं त्याचे मेमो लिहिले, तर विश्लेषण खरोखर सुधारेल.

बाभूळ
आणि समीक्षकाला काय, मेमो दाखवायचे?

सांजवात१
हो. पद्धतीच्या भागात लिहायचे. कोरेक म्हणून ३२ मुद्द्यांची यादी आहे २००७ ची, मुलाखतींवरचं संशोधन लिहिताना काय काय सांगायचं त्याची. तिच्यात कोडर किती होते आणि थीम कशा काढल्या ते विचारतात, कप्पा मागत नाहीत.

हिरवी_शाई
मी वेगळं सांगते. प्रोजेक्टवर राहू नका, पीएचडीला प्रवेश घ्या. मार्गदर्शक बघताना त्यांचे आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले ते विचारा. प्रस्ताव दहा पानांच्या वर नेऊ नका. माझी बहीण तीन वर्षं अशा सहा-सहा महिन्यांच्या करारांवर फिरली, शेवटी पीएचडीच केली.

कोरा_कागद
अवांतर: उतरवायला बसणाऱ्यांनी पायाने चालवायचं पेडल घ्या. ओट्रान्स्क्राइबही चांगलं, तेही फुकट, कीबोर्डवरूनच थांबवता येतं, मागे नेता येतं.

तिसरा_डोळा
पेडलने मनगट वाचतं, खरं आहे.

जुनी_वही
पुन्हा विषयावर येऊ. @पाणवठा, शेवटी द्यायचंय काय? लेख की अहवाल? कोणाला, कोणत्या भाषेत? निधी देणाऱ्यांनी प्रश्न ठरवून दिलेत का?

पाणवठा
अहवाल, इंग्रजीत, निधी देणाऱ्या संस्थेला. त्यांचे चार प्रश्न आहेत: कामाची वाटणी, पैशाचा ताण, दवाखान्याशी संबंध, मदत कुठून मिळते. लेख नंतर, पीआय लिहिणार.

जुनी_वही
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. चार प्रश्न ठरलेले, अहवाल धोरणासाठी, वेळ कमी. मग फ्रेमवर्क पद्धत. ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात रिची आणि स्पेन्सर यांनी नेमक्या असल्याच कामासाठी उभी केली. एक तक्ता करा. प्रत्येक माणसाला एक ओळ, प्रत्येक प्रश्नाला एक स्तंभ, आणि पाचवा स्तंभ 'यात न बसणारं'. चौकटीत दोन-तीन ओळींचा सारांश, एखादं त्यांचंच वाक्य आणि ट्रान्सक्रिप्टची ओळ क्रमांक. साध्या स्प्रेडशीटमध्ये होतं. उरलेल्या ११ मुलाखती रेकॉर्डिंग ऐकत थेट तक्त्यात भरा, अहवालात जाणारे उतारे तेवढे शब्दशः उतरवा. कोणत्या मुलाखती अशा हाताळल्या ते अहवालात स्पष्ट लिहा. उघड सांगितलं तर त्यात कमीपणा नाही.

पाचवा स्तंभ मात्र काढू नका. माझ्या कामांत खरे निष्कर्ष बहुतेक तिथूनच निघाले.

उंबरठा
तक्ता मराठीतच भरा, ही कळकळीची विनंती. इंग्रजीत फक्त शेवटचं लिखाण करा. मी एकदा थेट इंग्रजीत कोड केले. एक बाई सारखी 'करमत नाही' म्हणायची. मी 'लोनलीनेस' लिहून पुढे जायचे. तिच्या घरात सात माणसं होती. वर्षभराने ट्रान्सक्रिप्ट उघडल्यावर लक्षात आलं की आजारी सासूला दवाखान्यात ठेवलं त्या दिवसांबद्दल ती बोलत होती. काम सुटलं आणि दिवस रिकामा झाला, म्हणून करमत नव्हतं. एकटेपणा कुठेच नव्हता. अहवाल तोवर छापून गेला होता. 'सवय झाली', 'निभावतंय', 'करावंच लागतं' हे शब्द तसेच ठेवा आणि इंग्रजीत दोन ओळी समजावून लिहा.

पाणवठा
@उंबरठा माझ्याकडेही 'करावंच लागतं' किमान दहा जणांनी म्हटलंय आणि प्रत्येकाचा सूर वेगळा होता. सूर कुठे नोंदवायचा?

उंबरठा
फील्ड नोट्स आहेत ना? मुलाखती कोणी घेतल्या?

पाणवठा
२२ मी, ६ त्या सोडून गेलेल्या सहकाऱ्याने. माझ्या नोट्स वहीत आहेत. त्याच्या कुठे आहेत माहीत नाही.

जुनी_वही
आज त्याला फोन करा. आणि तुमची वही या आठवड्यात टाइप करायला घ्या, कोडिंगच्याही आधी. छोट्या कराराच्या प्रोजेक्टमध्ये मी सगळ्यात जास्त नुकसान इथेच पाहिलंय. रेकॉर्डिंग सर्व्हरवर राहतं, पण कोण रडलं, कोणी दार लावून घेतलं, कोणाचा नवरा शेजारच्या खोलीत होता म्हणून ती हळू बोलली, हे मुलाखत घेणाऱ्याबरोबर निघून जातं. मग लेख लिहिणारे पीआय 'नवऱ्याबद्दल तक्रार नाही' असं लिहितात.

सांजवात१
लेखाचा विषय निघालाच आहे तर: लेखात तुमचं नाव आहे का? लेखी ठरलंय?

पाणवठा
'बघू' म्हणाले.

बाभूळ
इथे मी सांजवात यांच्या बाजूने आहे. नुसत्या मुलाखती घेणाऱ्याचं नाव बहुतेक आभारात जातं. आयसीएमजेई म्हणजे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची समिती, तिचे लेखक कोणाला म्हणायचं याचे चार निकष आहेत: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा चिकित्सकपणे सुधारणं, अंतिम मसुद्याला मान्यता, जबाबदारी घेणं. पण तेच नियम असंही सांगतात की पहिला निकष पूर्ण करणाऱ्याला मसुदा सुधारण्यात आणि अंतिम मान्यतेत सहभागाची संधी द्यायला हवी. करार संपल्यावर मसुदा दाखवलाच नाही तर दुसरा निकष पूर्ण होणार कसा? म्हणून आत्ताच ईमेल करा. 'मसुदा वाचून सुधारायला मी उपलब्ध आहे, या पत्त्यावर पाठवा.' युनिव्हर्सिटीचा ईमेल बंद होतो, स्वतःचा पत्ता द्या.

हिरवी_शाई
पीएचडीत हा प्रश्न येत नाही.

बाभूळ
येतो हो.

पाणवठा
सगळ्यांचे आभार. एक राहिलं. याचा कोडिंगशी संबंध नाही म्हणून आधी लिहिलं नाही. एका ताईंचा मागच्या आठवड्यात फोन आला. मुलाखतीत भावाबद्दल जे बोलल्या ते काढून टाका म्हणाल्या. ट्रान्सक्रिप्ट झालंय. सहकारी म्हणाला नाव बदललंय, राहू दे. तो पैशाच्या ताणाबद्दलचा सगळ्यात चांगला उतारा आहे.

उंबरठा
संमतीपत्रात माघारीबद्दल काय लिहिलंय? अगदी शब्द सांगा.

पाणवठा
'विश्लेषण सुरू होईपर्यंत सहभागी व्यक्ती आपली माहिती अंशतः किंवा पूर्ण मागे घेऊ शकते.'

उंबरठा
आणि तुम्ही कोडिंग अजून सुरू केलेलं नाही. मग प्रश्नच नाही, काढा. टॅगेट उघडायच्या आधी काढा. ट्रान्सक्रिप्टमधून आणि रेकॉर्डिंगमधूनही, जुन्या प्रतींसकट. कधी, कोणी, कोणाच्या विनंतीवरून काढलं याची नोंद प्रोजेक्टच्या फायलीत ठेवा, तिचं नाव न लिहिता. पीआयना कळवा. एथिक्स कमिटीला कळवायचं का ते त्यांना विचारा.

तिसरा_डोळा
नाव बदललं तरी भाऊ स्वतःला ओळखेलच. नावाने ओळखत नाहीत लोक, प्रसंगाने ओळखतात.

जुनी_वही
आणि संबंध आहे, कोडिंगशी आहे. तुम्ही सुरुवात केली की तिचा हक्क संपतो. फोन मागच्या आठवड्यातला आहे. शुक्रवारची वाट बघू नका.

पाणवठा
शुक्रवारची बैठक झाली. तक्त्याला पीआय तयार झाले, चार ट्रान्सक्रिप्ट भरून नेली होती म्हणून. ११ मुलाखती ऐकूनच भरायच्या हे मान्य. कप्पा सोडला. 'सॅच्युरेशन' शब्द मात्र त्यांना ठेवायचाच आहे, त्यावर पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलणार. नावाचा ईमेल पाठवलाय, उत्तर नाही. सहकाऱ्याच्या पाच मुलाखतींच्या नोट्स मिळाल्या, सहावीच्या त्याने लिहिल्याच नव्हत्या.

भावाचा भाग गुरुवारीच काढला, रेकॉर्डिंगमधूनही. साडेचार मिनिटं होती.

उंबरठा
ताईंना कळवलंत?

पाणवठा
कळवलं. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, बाकीचं सगळं ठेवा, ते लिहा नक्की.