बिल रॉबिन्सन यांचा जिन्यावरचा नाच

प्रश्न : १९३५ च्या ‘द लिटल कर्नल’ या चित्रपटात कृष्णवर्णीय अमेरिकी टॅप नर्तक (टॅप म्हणजे बुटांच्या ठोक्यांनी ठेका धरणारे नृत्य) बिल ‘बोजँगल्स’ रॉबिन्सन चिमुकली बालकलाकार शर्ली टेंपल हिच्यासोबत जिन्यावर नाचतात. इतक्या अलगद पावलांतून एवढा स्वच्छ ठेका कसा उमटतो, हे कोणी जाणकार सांगतील का?

प्रतिसाद १ : त्यांच्या बुटांचे तळवे लाकडी असत. पूर्वीचे नर्तक सपाट पाऊल आपटत, तर रॉबिन्सन चवड्यांवर तोललेले राहत. कंबरेवरचे शरीर जवळजवळ स्थिर, चेहऱ्यावर हसू आणि सारे काम पावलांचे. म्हणूनच प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. जिन्याचा नाच मात्र त्या चित्रपटासाठी रचलेला नव्हता, तो ते रंगमंचावर कितीतरी आधीपासून करत होते.

प्रतिसाद २ : वरील उत्तर योग्यच आहे. १८७८ मध्ये अमेरिकेतील रिचमंड येथे जन्मलेल्या आणि लहानपणीच पोरक्या झालेल्या या कलावंताने अमाप पैसा मिळवला, तरीही १९४९ मध्ये ते जवळजवळ निष्कांचन अवस्थेत गेले. पडद्यावर त्यांच्या वाट्याला बहुधा नोकराच्याच भूमिका आल्या, हे मला आजही खटकते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. आता तो प्रसंग डोळे मिटून, केवळ ठेक्यासाठी ऐकेन.

प्रतिसाद १ : अवश्य ऐका. अमेरिकेत २५ मे, म्हणजे त्यांचा जन्मदिवस, टॅप नृत्य दिन म्हणून पाळतात.